नवमीपर्यंतची बंदूक

"नवमीची पूजा झाल्याशिवाय बंदूक घराबाहेर काढायची नाही. पाटावर आडवी मांडायची, विळ्या-खुरप्यांच्या शेजारी. हळदकुंकू लाकडाला लावायचं, लोखंडाला नाही, गंज धरतो. आणि मग न्या म्हणावं सरकारला कुठं न्यायची तिथं."

अण्णा हे पाच वर्षांपूर्वी बोलले होते, याच ओसरीवर, मागच्या निवडणुकीच्या तोंडावर. तेव्हाच त्यांना धाप लागायला लागली होती. एवढं बोलायला दोनदा थांबावं लागलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. कारखान्यात चौतीस वर्षं लेथवर उभं राहून क्वार्टर सोडताना त्यांनी भोपाळबाहेर अवधपुरीच्या पुढं, पिपलखेडीत ही अडीच एकर घेतली होती. बंदूकही त्यांचीच, बारा बोअरची एकनळी. ती मुलाच्या, उदयच्या नावावर चढायला दीड वर्ष गेलं. फोटो, दाखले, ठाणं, कलेक्टोरेट, पुन्हा ठाणं.

कोटवार, म्हणजे गावचा चौकीदार, आला तेव्हा उदयची बायको वंदना मटारच्या सरीत बसून तण काढत होती. मटार वितभरसुद्धा झाला नव्हता. ऑक्टोबरचं ऊन पाठीवर चिकटून बसलं होतं.

"भाभी, उदय भैया से कह देना," कोटवार सायकलवरूनच बोलला. "अठारह तारीख तक बंदूक थाने में जमा. चुनाव लग गया है."

"अठरा? भैया, नवमी तर तेवीसला आहे."

घाईत तिच्या तोंडून मराठीच निघालं. कोटवाराला ते कळलं नाही, पण सूर कळला. "वो आप जानो. हमने बोल दिया, हमारा काम हो गया. देर मत करना."

संध्याकाळी उदय शेडमधून आला. एका लहानशा शेडमध्ये तो फिटर होता, आणि दोन वर्षांपासून उजवा खांदा वर जात नव्हता. शर्ट काढायचा तर वंदनाला बाही ओढावी लागे. तिनं बाही ओढता ओढताच सांगितलं.

"अठरा म्हणाला?"

"हो. पण पूजा तेवीसला."

"मग?"

"मग काय. मागच्या वेळी अण्णांनी पूजा करूनच दिली होती. ठाण्यातला मुन्शी काही बोलला नव्हता."

"तो मुन्शी अण्णांचा होता, वंदना. दसऱ्याला येऊन दोन वाट्या श्रीखंड खाऊन जायचा. आता कोण आहे, मला माहीत पण नाही."

"पाच दिवसांनी काय होतंय? अण्णांचं हे एकच सांगणं आपल्याच्यानं पाळलं जातं. श्राद्धाला तर तुम्हाला सुट्टी पण मिळत नाही."

हे शेवटचं तिनं मुद्दाम म्हटलं नव्हतं.  खांद्यावर गरम तेल चोळून घेताना उदय भिंतीकडे बघत म्हणाला, "बरं. तेवीसला."

त्या बंदुकीनं आजवर एक पाखरूही पडलं नव्हतं. नाल्यापलीकडच्या रानात रोजड्यांचा कळप होता. रोजडा म्हणजे नीलगाय. नावात गाय असल्यावर वंदनाच्या घरात तिच्यावर नेम धरण्याचा प्रश्नच नव्हता. दिवस उगवताना एक आणि मावळताना एक, असे दोन बार आभाळात काढायचे. कळप नाला ओलांडत नसे. त्या दोन बारांवर त्यांचा मटार राखला जाई आणि शेजारच्या हरप्रसाद कुशवाहांचा हरभराही. त्याच्या बदल्यात कुशवाहांच्या बोअरचं पाणी तिसऱ्या दिवशी पहाटे यांच्या सऱ्यांत येई. हा करार अण्णांनी आणि हरप्रसादांनी चहा पिता पिता केला होता. कागद नव्हता, आणि त्याची कधी गरजही पडली नव्हती.

अठरा तारीख उलटली आणि बार काढता येईनासा झाला. आवाज गेला तर ठाण्यापर्यंत जाणार. बंदूक घरात, कपाटाच्या मागं, चादरीत गुंडाळून मुकी पडून राहिली. कुशवाहांनी बांधावरून विचारलं, "क्या बात है, आजकल फटाका नहीं फूटता?" उदय म्हणाला, "जमा करनी है, चाचा." कधी, ते सांगितलं नाही.

नवमीला वंदनानं पहाटे आंघोळ करून तुळशीला पाणी घातलं. ते घातल्याशिवाय ती तोंडात पाण्याचा थेंब घेत नसे. पाट मांडला. विळे, खुरपी, उदयचे पाने, शिवणाचं मशीन, आणि मधे बंदूक. हळदकुंकू लाकडी दस्त्याला लावलं. नळीवर झेंडूचं फूल ठेवलं ते घरंगळलं, म्हणून टोकात खोचलं. उदयनं अर्धा दिवस रजा टाकली होती. आरती होताच त्यानं बंदूक पोत्यात गुंडाळली. वंदना स्कूटरवर मागं बसली, पोतं मांडीवर आडवं धरून.

ठाण्यात उदय आत गेला. वंदना बाहेर कडुलिंबाखालच्या बाकावर बसली. खिडकी उघडी होती.

"अठारह लिखा था ना?" मुन्शी तरुण होता. रजिस्टरवरून त्यानं मान वर केली नाही.

"जी. पूजा थी. हमारे यहाँ नवमी को…"

"नवमी तो हमारे यहाँ भी थी. मालखाने में सुबह पूजा हुई है, पंडित जी आए थे. इसको भी लाइन में बिठा देते, क्या दिक्कत थी? प्रसाद भी मिल जाता."

आतले दोघं-तिघं हसले. वंदनाच्या डोक्यात हे कधी आलंच नव्हतं, की ठाण्यातही पूजा होत असेल.

मुन्शीनं नळी उलटी करून टेबलावर आपटली. झेंडूच्या पाकळ्या रजिस्टरवर पडल्या. तो थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिला.

"कारतूस की जगह गेंदा भरते हो?"

आता सगळेच हसले. उदयही हसला. त्याचं ते हसणं खिडकीतून बाहेर आलं आणि वंदनानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"देखिए, मैंने तो लिख दिया, पाँच दिन लेट. अब ऊपर जाएगा. नोटिस आए तो जवाब दे देना. लाइसेंस पे आँच आ सकती है, बता देता हूँ."

पावती घेऊन उदय बाहेर आला. स्कूटर सुरू होईना. त्यानं चारदा किक मारली, मग वंदनानं मारली.

दिवाळीच्या आधी नोटीस आली. परवाना निलंबित. तो रद्द का करू नये, याचं लेखी उत्तर पंधरा दिवसांत द्यावं. उदयनं ती दोनदा वाचली आणि देवघराच्या फळीवर, पंचांगाखाली ठेवली.

"दीड वर्ष," तो म्हणाला. "दीड वर्ष हेलपाटे घातले होते मी."

वंदनानं ताट वाढलं. तिलाही जेवण गेलं नाही.

कळपानं मात्र नोटिशीची वाट बघितली नव्हती. दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी, सूर्य माळाला टेकत असताना तेरा रोजडे नाला चढून आले. पुढं एक काळसर नर, घोड्याएवढा, मागं माद्या आणि दोन पिल्लं. वंदना तेलाचा रिकामा डबा आणि काठी घेऊन धावली. डबा बडवला तसे ते उधळले. तिसऱ्या दिवशी त्यांनी नुसत्या माना वर केल्या. आठव्या दिवशी ती दहा हातांवर जाऊन ओरडली तेव्हा कुठं तो नर वळला, तोही रमतगमत, मटारच्या चार सऱ्या तुडवत.

पहाटे साडेपाचला एकदा आणि दुपार कलल्यापासून अंधार पडेपर्यंत एकदा. मधल्या वेळात तण, स्वयंपाक, गाईचं शेण. तिच्या टाचा फाटल्या. ढेकळांत पाय पडला की भेगेत माती जाई, आणि रात्री कोकम तेल भरलं तरी सकाळी भेग पुन्हा उघडी. बांधावर जुन्या साड्यांच्या पट्ट्या बांधल्या. दोन दिवस रोजडे बुजले, मग एका पिल्लानं पट्टी चावून बघितली.

कुशवाहांचा हरभरा बोटभर वर आला होता. हरप्रसादांचे गुडघे गेलेले, बांधावर खुर्ची टाकून ते बसल्या बसल्या शिट्टी वाजवत. त्यांची बायको रामकली एका संध्याकाळी बांधापर्यंत आली. खाल्लेल्या शेंड्यांची मूठ तिच्या हातात होती.

"सुना है बंदूक थाने में अटक गई. पूजा के चक्कर में."

वंदनानं काठी बांधाला टेकवली.

"हम भी पूजा करते हैं, बाई. पर हमारा पानी तो कभी पूजा के लिए नहीं रुका."

ती हे ओरडून बोलली नाही. मूठ उघडून तिनं शेंडे बांधावर ठेवले, जसं काही परत करत असावी. वंदनानं डबा खाली ठेवला. तिचं हिंदी उज्जैनच्या माहेरचं, पण अशा वेळी शब्द गोळा करावे लागत.

"अम्मा, गलती मेरी है. इन्होंने तो कहा था अठारह को दे आते हैं. मैंने रोका." तिनं श्वास घेतला. "आपकी तरफ भी मैं देखूँगी. सुबह भी, साँझ भी. पहले आपका, फिर अपना. जब तक बंदूक घर नहीं आती."

"और नहीं आई तो?"

"तो चना कटने तक."

रामकलीनं तिच्या पायांकडे बघितलं. "इन पैरों से?"

"यही हैं," वंदना म्हणाली.

त्यानंतरच्या रविवारी शैलेंद्र आला. अवधपुरीच्या मराठी मंडळाचा हा माणूस. गणपतीत वर्गणी, निवडणुकीत बूथ. पांढऱ्या गाडीतून उतरला, बूट काढले, देवघराला नमस्कार केला आणि खुर्चीवर बसता बसता म्हणाला, "उदयभाऊ, टेन्शन नाही घ्यायचं. सब सुनलं मी."

उदयनं नोटीस दाखवली.

"अरे, ये तो कुछ भी नहीं. कलेक्टोरेटमध्ये आपला बंदा आहे. पण आत्ता आचारसंहिता. आत्ता कोणी फोन नाही उचलणार. रिझल्ट लागू दे, भैयाजी निवडून आले की एका दिवसाचं काम. फक्त त्यांच्या नजरेत यायला पाहिजे ना, की आपलं कोण आहे." तो वंदनाकडे वळला. "वहिनी, तुमच्यासारख्या बायका सभेत दिसतच नाहीत. सगळ्या मराठी लेडीज घरात. पुढच्या रांगेत चार-पाच काठपदर दिसले की कसं शोभून दिसतं. नऊवारी असली तर काय, सोन्याहून पिवळं."

"सभा कधी असतात?"

"शामच्या वेळी. चार-साडेचारला गाडी पाठवतो."

वंदनानं उदयकडे बघितलं. उदयनं बघितलं नाही.

"आणि उत्तराचं पत्र पण मीच बनवून देतो," शैलेंद्रनं चहा बशीत ओतला. "लिहू की तब्येत खराब होती. डॉक्टरची चिठ्ठी आणतो, काही प्रॉब्लेम नाही."

"हे आजारी नव्हते," वंदना म्हणाली.

शैलेंद्र मोठ्यानं हसला. "वहिनी, कागद आहे हो तो. सत्यनारायणाची पोथी नाही."

तो गेल्यावर उदयनं नोटीस घडी घालून पुन्हा पंचांगाखाली ठेवली. मग म्हणाला, "दोन-तीन सभा. जास्त नाही. बंदूक नसली तर पुढच्या वर्षी पण हेच, त्याच्या पुढच्या वर्षी पण. तू किती पळणार आहेस डबा घेऊन?"

वंदनानं काठपदराची साडी काढून ठेवली. पहिल्या सभेच्या दिवशी उदय शेडमधून लवकर सुटला आणि त्यानं शेत बघितलं. डाव्या हातानं डबा वाजवला, कसंबसं निभावलं. दुसऱ्या सभेला शेडमध्ये ओव्हरटाइम लागला. वंदनाला ते गाडीत बसल्यावर कळलं.

सोमवार होता, तिचा उपास. प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत तिला बसवलं होतं, गळ्यात पक्षाचा पट्टा, मांडीवर समोशाचं पुडकं. भैयाजी येणार, येणार, आता चौकात पोचले, असं माइकवर चाललं होतं. शेजारची बाई इंद्रपुरीची, तिनं विचारलं, "तुमचं काय काम अडकलंय?" वंदना म्हणाली, "बंदूक." बाईनं खुर्ची जराशी पलीकडे घेतली. वंदना मंडपाच्या कापडावरून खाली उतरणारं ऊन बघत राहिली. ते दांडीच्या खाली आलं, मग गवतावर, मग गेलं. भैयाजी आले तेव्हा दिवे लागले होते. त्यांनी रांगेकडे बघून हात जोडले. तिच्याकडे बघितलं की नाही, तिला कळलं नाही.

गाडीनं फाट्यावर सोडलं. ती चालत आली तेव्हा हरप्रसाद अजून बांधावर बसलेले होते, शिट्टी हातात. हरभऱ्याच्या वरच्या तुकड्यात, रस्त्याच्या अंगाला, जिथं सकाळी हिरवं होतं तिथं खांबावरच्या दिव्यात माती दिसत होती.

"आज बड़ी देर कर दी, बाई," हरप्रसाद म्हणाले.

बस, तेवढंच. तिला वाटलं होतं रामकली येईल, बोलेल. रामकली आली नाही. पट्टा गळ्यातच राहिला होता. तो काढून वंदनानं मुठीत चुरगळला आणि काही तरी बोलायला तोंड उघडलं, पण हरप्रसाद गुडघ्यांवर हात टेकून उठायच्या खटपटीत होते. तिनं त्यांना हात दिला. खुर्ची उचलून त्यांच्या दारापर्यंत नेऊन ठेवली.

तिसऱ्या दिवशी पहाटे ती उठली तेव्हा मटारच्या सऱ्यांतून पाणी वाहत होतं. कुशवाहांनी नेहमीच्या वेळी मोटर सुरू केली होती. वंदना पाण्यात पाय सोडून उभी राहिली. भेगांना गार लागत होतं. पाणी यायला नको होतं असं तिला एक क्षण वाटून गेलं. पाणी बंद झालं असतं तर निदान बरोबरी झाली असती.

त्या दिवशी प्रचाराची शेवटची सभा होती, भोपाळच्या बाहेरून मोठे नेते येणार होते. उत्तर द्यायची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. शैलेंद्रनं सकाळीच फोन केला, दोघांनी जोडीनं यायचं, भैयाजींना समोर भेटवतो. उदय दुपारीच आला. इस्त्रीचा शर्ट घालायला त्यानं वंदनाला हाक मारली. ती आली, बाही खांद्यावरून चढवली, बटणं लावली.

"तू साडी नाही बदललीस?"

"मी येत नाही."

"वंदना."

"आणि ते आजारपणाचं पत्र नको. मी उद्या तुमच्याबरोबर येते. पूजेसाठी मी ठेवून घेतली होती, तसंच लिहू."

"तसं लिहिलं तर लायसन्स गेलं."

"हो."

उदयचा आवाज चढला, मग अर्ध्यावरच दमला. "पूजा तुला पाहिजे होती. आता निस्तरायची वेळ आली तर तू…"

"निस्तरतेच आहे," ती म्हणाली.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. शैलेंद्र खाली उतरला नाही, त्यानं काचेतूनच बघितलं. वंदना घरच्या साडीत, पदर खोचलेला. "काय वहिनी, चला ना!"

"तिला जमत नाही," उदय म्हणाला. "मी येतो."

"भाऊ, तुमचं काय काम? जेन्ट्स तर ट्रक भरून आलेत. समोरच्या रांगेत लेडीज पाहिजेत." त्यानं घड्याळ बघितलं. "मग बघा हं, नंतर मला नाही म्हणायचं की शैलेंद्रनं केलं नाही." काच वर गेली. गाडीनं वळताना कोपऱ्यातली झेंडूची दोन झाडं चिरडली. ड्रायव्हरनं हात बाहेर काढून माफी मागितली.

धूळ खाली बसेपर्यंत उदय उभा होता. मग पायरीवर बसला आणि बुटांची नाडी सोडू लागला. एका हातानं गाठ सुटेना. वंदना खाली वाकली, दोन्ही गाठी सोडल्या, बूट बाजूला ठेवले.  

साडेचार वाजले असतील. ती आत गेली, पायांना जुन्या धोतराच्या पट्ट्या गुंडाळल्या, टाचेवर दोन वेढे जास्त. काठी घेतली.

"आपल्या मटारचं काय?" उदयनं विचारलं.

"तुम्ही आहात ना इथं."

तो आपल्या खांद्याकडे बघत होता. तिनं दुसरा डबा, स्वयंपाकघरातला, त्याच्याजवळ पायरीवर ठेवला. मग ती अंगणातून उतरली आणि आपल्या सऱ्या डावीकडे सोडून बांधानं कुशवाहांच्या हरभऱ्याच्या वरच्या तुकड्याकडे निघाली. हरप्रसादांची खुर्ची अजून आली नव्हती. दूर रस्त्यावरून लाउडस्पीकरचा आवाज वाऱ्याबरोबर येत होता, जात होता. नाल्याच्या काठावर एक काळसर मान वर आली. वंदना चालत राहिली.